खडा ठेवून येताना: यहुदी दफनभूमीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

प्रागला आमच्याकडे पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की लेखक फ्रान्झ काफ्काच्या कबरीवर जाऊ या, असं कोणीतरी म्हणतंच. एकदा अशाच आलेल्या एका काकांनी कबरीपुढे उभं राहून आधी चपला काढल्या, मग खिशातून रुमाल काढला आणि शिळेच्या पायथ्याशी पडलेले खडे झाडायला सुरुवात केली. गावाकडे समाधी झाडून-पुसून मगच डोकं टेकायचं, ही आयुष्यभराची सवय. शेजारच्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई लगबगीनं आल्या, त्यांनी काकांचा हात धरला आणि खाली पडलेला एकेक खडा उचलून परत जागेवर ठेवू लागल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला तेव्हा चेक जेमतेम येत होतं. काकांना काय ते कळलं. तेही वाकले आणि खडे वेचून त्यांच्या हातात देऊ लागले.

काकांची भावना चांगलीच होती, चुकली फक्त पद्धत. म्हणून दर वेळी पाहुण्यांना जे तोंडी सांगते ते इथे लिहून ठेवते आहे. प्राग, क्राकूव, बर्लिन, जेरुसलेम अशा कुठल्याही यहुदी दफनभूमीत पहिल्यांदा जाणाऱ्याला ते उपयोगी पडेल.

खडा कशाचा, ते आधी समजून घ्या

मराठी माणसाच्या मनात मरण आणि दगड ही जोडी आली की 'अश्मा' येतो. दहाव्यापर्यंत जपून ठेवलेला, ज्यावर तिलांजली देतात तो जीवखडा. त्यात आपण गेलेल्या माणसालाच पाहतो. यहुदी कबरीवरचा खडा तसा नाही. तो गेलेल्याचा नसून येणाऱ्याचा असतो. 'मी येऊन गेलो, तुझी आठवण आहे', एवढंच तो सांगतो. एवढा फरक डोक्यात पक्का बसला की पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप सुचतात. दुसऱ्यानं ठेवलेला खडा हलवायचा नाही, कारण ती त्याची हजेरी आहे. खडा पुजायचा नाही, त्याला कुंकू लावायचं नाही. आणि तिथला खडा आठवण म्हणून घरी आणायचा तर नाहीच नाही.

ही प्रथा का पडली याची उत्तरं अनेक आहेत. कोरीव शिळा नव्हत्या तेव्हा कबरीवर दगडांची रास रचत, येणारा-जाणारा त्यात भर घालून ती ढासळू देत नसे, हे एक. कबर कुठे आहे ते लांबून कळावं, कारण याजक कुळातल्या कोहेनांना मृताच्या संसर्गापासून दूर राहावं लागे, हे दुसरं. जुन्या काळी त्यासाठी तिथल्या हिवाळी पावसानंतर, अदार (फेब्रुवारी-मार्च) महिन्यात, कबरींवर चुन्याच्या खुणा नव्यानं करत, असं मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहात आहे. तोरा या यहुदी धर्मग्रंथातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची बायको राहेल वाटेतच बाळंतपणात गेली तेव्हा याकोबानं तिच्या कबरीवर स्तंभ उभारला, अशी कथा आहे. बाराव्या शतकात तुदेला गावचा प्रवासी बेंजामिन बेथलेहेमजवळच्या त्या जागी गेला, तेव्हा त्याला तिथे अकरा दगड दिसले. याकोबाच्या अकरा मुलांचा प्रत्येकी एक. बारावा मुलगा, त्याचंही नाव बेंजामिनच, तर तेव्हा नुकता जन्मलेला.

खडा आत्म्याला खाली दाबून ठेवतो, असंही कोणी तुम्हाला सांगेल. लोकसमजुतीत ते आहे. मला स्वतःला सगळ्यांत खरं वाटतं ते अठराव्या शतकातल्या 'बेएर हेतेव' या टीकाग्रंथातलं साधं स्पष्टीकरण: गवताची काडी किंवा खडा कबरीवर ठेवायचा तो गेलेल्याच्या मानासाठी, कोणीतरी त्याच्या कबरीपाशी येऊन गेलं हे दिसावं म्हणून.

फुलं का नाहीत, हेही सगळे विचारतात. फुलांना कडक बंदी अशी नाही. इस्रायलच्या लष्करी दफनभूमींत पुष्पचक्रं वाहतात. पण मरणात श्रीमंत-गरीब असा भेद दिसू नये, हा विचार यहुदी परंपरेत फार जुना आहे. प्राचीन धर्मगुरू रब्बान गमलिएल यांनी आपल्याला साध्या तागाच्या कफनात पुरावं असं सांगितलं आणि तेव्हापासून ती रीत पडली, असं तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे. खडा वाटेवर सापडतो, त्याला पैसे पडत नाहीत.

जायचा दिवस आणि कपडे

शनिवारी जाऊ नका. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ असतो आणि त्या काळात दफनभूमी बंद असते. शुक्रवारीही फाटक लवकर लागतं, तेव्हा दुपारच्या आत पोहोचा. यहुदी सणांच्या दिवशीही हेच. हे सण चांद्र तिथीनं येतात, म्हणून दर वर्षी इंग्रजी तारीख बदलते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सण ओळीनं असतात. त्या दिवसांत तिकीट काढण्याआधी एकदा चौकशी केलेली बरी. घरचे लोक मात्र वर्षश्राद्धाच्या तिथीला, म्हणजे यार्झाइटला, आणि नववर्षाच्या आधीच्या एलूल महिन्यात आवर्जून येतात. त्या महिन्यात गेलात तर ताजे खडे खूप दिसतील.

पुरुषांनी डोकं झाकायचं. साधी टोपी चालते. फाटकापाशी बऱ्याचदा कागदी किंवा कापडी किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, मिळते. बायकांनी खांदे-गुडघे झाकणारे कपडे घालावेत. चपला काढायच्या नाहीत. हे आपल्याला अवघड जातं, पण तिथे अनवाणी उभं राहणं ही आदराची खूण नाही. हार, नारळ, उदबत्ती घरीच ठेवा. दफनभूमीत खाणंपिणंही टाळा, पाण्याची बाटली पिशवीतच राहू द्या.

सोबत कोणी कोहेन कुळातला मित्र असेल आणि तो फाटकाबाहेर थांबला, तर आग्रह करू नका. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, अविवाहित बहीण आणि बायको, एवढ्या नात्यांखेरीज इतरांच्या दफनाला त्यानं जाऊ नये असा लेवीय पुस्तकातला नियम आहे. आजही पुष्कळजण तो पाळतात.

खडा कुठला घ्यावा

पायवाटेवरचा, फाटकाजवळचा, कुठलाही साधा. सुपारीएवढा पुरे, लिंबाएवढा म्हणजे मोठाच झाला. गुळगुळीत, गोल, पांढरा शोधत बसायची गरज नाही. एकच अट: दुसऱ्या कबरीवरचा उचलायचा नाही, आणि कबरीभोवती सजावटीसाठी पसरलेल्या खडीतलाही नाही. शहरातल्या फरसबंद दफनभूमीत खडा शोधूनही सापडत नाही, म्हणून मी रस्त्यावरून चालतानाच दोन-तीन खिशात टाकते.

'अलिबागच्या किनाऱ्यावरचा खडा नेला तर?' असं माझ्या भाच्यानं विचारलं होतं. जरूर न्यावा. गेलेल्याच्या आयुष्याशी ज्या जागेचं नातं होतं तिथला खडा मुद्दाम नेणारे लोक आहेत. इस्रायलबाहेर दफन होतं तेव्हा इस्रायलमधली मूठभर माती कबरीत घालायची रीत आहेच; हा त्याच भावनेचा उलटा प्रवास म्हणा. मात्र खड्यावर रंगानं नावं-तारखा लिहू नका. पावसात रंग ओघळतो आणि शिळेवर डाग पडतो. जुन्या वालुकाश्माला तर तो कायमचा लागतो.

ठेवण्याआधी शिळा वाचा

इथे घाई करू नका. ज्याच्याकडे आलो त्याचं नाव तरी कळावं. हिब्रू येत नसलं तरी चार खुणा ओळखता येतात.

शिळेच्या वरच्या बाजूला बहुधा दोनच अक्षरं असतात, पे आणि नून. 'इथे पुरलेला आहे' याचा तो संक्षेप. तळाशी पाच अक्षरं: ताव, नून, त्सादी, बेत, हे. 'त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला असो.' हे शब्द बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अबिगईल दाविदाला म्हणते त्यातून आले आहेत. यातली गंमत अशी की गाठोड्याला जो शब्द आहे, 'त्सरोर', तोच हिब्रूत खड्यालाही आहे. शिळेवर त्सरोर कोरलेला आणि तिच्यावर त्सरोर ठेवलेला! प्रथा या शब्दावरून पडली असं मी म्हणणार नाही, पण हे कळल्यापासून ती पाच अक्षरं पाहिल्याशिवाय मी खडा ठेवत नाही.

चित्रंही बोलतात. आशीर्वादासाठी पसरलेले दोन पंजे म्हणजे कोहेन. पाण्याची सुरई म्हणजे लेवी कुळातला, कारण कोहेनांच्या हातावर पाणी घालणं हे लेवींचं काम. सिंह असेल तर नाव बहुधा येहूदा किंवा लोव, हरिण असेल तर त्स्वी किंवा हिर्श. मोडलेली मेणबत्ती किंवा तुटलेलं झाड दिसलं तर ते माणूस तरुणपणी गेलेलं असतं.

सालाचं गणित सोपं आहे. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांचं मोल असतं आणि पाच हजारांचा आकडा लिहीत नाहीत. अक्षरांची बेरीज करून त्यात 1240 मिळवायचे. काफ्काच्या शिळेवर साल आहे ताव, रेश, पे, दालेत. म्हणजे 400, 200, 80 आणि 4, एकूण 684. त्यात 1240 मिळवले की 1924. महिना सिवान, तिथी पहिली: 3 जून 1924. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतली तारीख असेल तर उत्तरातून एक वजा करावा लागतो.

ठेवताना

आखलेल्या वाटेवरून चालत जा. कबरीवर पाय देऊ नका, शिळेला टेकू नका, दोन कबरींच्या फटीतून वाट काढू नका. कबरीपुढे थांबा. काहीजण डावा हात शिळेवर ठेवून प्रार्थना म्हणतात. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालतं. मग खडा शिळेच्या माथ्यावर, कठड्यावर किंवा पायथ्याशी ठेवा. फेकायचा नाही, टाकायचा नाही, हातानं नेऊन ठेवायचा. अक्षरं झाकली जाऊ नयेत. शिळेला तडा असेल तर त्यात खडा खोचू नका. थंडीत त्या फटीत पाणी गोठतं आणि दगड आणखी उकलतो.

सेफार्दी यहुद्यांच्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्यांच्या, शिळा बहुधा आडव्या असतात. आम्स्टरडॅमजवळ औडरकेर्कला गेलात तर संपूर्ण कबरस्तानच जमिनीशी समांतर दिसेल. तिथे खडा कडेच्या कोपऱ्याला ठेवा.

एक खडा पुरतो. घरातल्या पाच जणांनी पाच ठेवले तर उत्तम, पण एकानं पाच ठेवून काही वाढत नाही. आधी कोणी ठेवलेला खाली घरंगळलेला दिसला तर उचलून परत वर ठेवा, हे चांगलं काम आहे. तिथले राखणदार मधूनमधून रास साफ करतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका आणि आपला खडा शोधायला पुढच्या वर्षी जाऊ नका.

प्रागच्या जुन्या दफनभूमीत मात्र मुभा कमी आहे. सुमारे 12 हजार शिळा, सगळ्यांत जुनी 1439 ची. जागा वाढवून मिळेना म्हणून मातीचे थर चढवत कबरींवर कबरी झाल्या. काही ठिकाणी बारा थर असल्याचं सांगतात. वरच्या थरात खालच्या शिळाही उचलून घेतल्यानं त्या एकमेकींना रेलून उभ्या आहेत. 1787 मध्ये तिथलं दफन थांबलं. आत दोर लावलेल्या वाटेवरूनच फिरायचं असतं. 1609 मध्ये वारलेल्या रब्बी लोव यांची कबर त्या वाटेवर आहे. तिथे खडे आणि घडी घातलेल्या चिठ्ठ्या दोन्ही दिसतील. दोर ओलांडून इतर कबरींकडे जाऊ नका.

काफ्का तिथे नाही, ही चूक बरेचजण करतात. तो शहराच्या पूर्वेकडे, नव्या यहुदी दफनभूमीत आहे. मेट्रोच्या ए मार्गावर झेलिव्स्केहो स्थानकाला उतरलात की फाटक अगदी जवळ. आत पाटी आहे, भिंतीच्या कडेनं अडीचशे मीटर चालायचं. निमुळत्या, पैलूदार शिळेखाली तो आणि त्याचे आईवडील आहेत. तिथे एक गोष्ट पाहायला विसरू नका. पायथ्याशी एक पाटी आहे, त्याच्या तीन बहिणींची. एली आणि वाली यांना नाझींनी 1941 मध्ये पोलंडमधल्या वूच शहरातल्या घेट्टोत नेलं. धाकटी ओटला 1943 मध्ये तेरेझीनच्या घेट्टोतून ऑशविट्झच्या मृत्युछावणीत गेली. तिघींचीही कबर कुठेच नाही. पाहुण्यांना मी चार खडे आणायला सांगते.

कबरच नसलेल्यांसाठी खडा ठेवणं आता सर्वत्र दिसतं. पोलंडमध्ये त्रेब्लिंकाला नाझींच्या मृत्युछावणीच्या जागी सुमारे 17 हजार ओबडधोबड दगड उभे केले आहेत, लोक त्या दगडांवर खडे ठेवतात. बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठावर 2005 मध्ये लोखंडी बुटांचे साठ जोड बसवले. दुसऱ्या महायुद्धात यहुद्यांना काठावर बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत पाडलं, त्याची ती खूण. त्या बुटांत खडे असतात. तिथे उभं राहून फोटोसाठी आपला पाय त्या बुटाशेजारी लावणारे पाहिले की मला फार त्रास होतो. कृपा करून तुम्ही तसं करू नका.

बोलायचं काय

यहुदी नसलात तर तुमच्याकडून प्रार्थनेची अपेक्षा नाही. कद्दीश ही प्रार्थना पारंपरिक रीतीप्रमाणे दहा जण जमल्याशिवाय म्हणत नाहीत, तेव्हा मोबाइलवर वाचून एकट्यानं म्हणायचा प्रयत्न करू नका. मनात त्या माणसाचं नाव घ्या. घरचे कोणी भेटले तर पुरुषासाठी 'झिख्रोनो लिव्राखा' आणि स्त्रीसाठी 'झिख्रोना लिव्राखा' म्हणता येतं: आठवण आशीर्वाद ठरो. हात जोडलेत तर कोणाला वावगं वाटत नाही, प्रदक्षिणा मात्र घालू नका. दफन चालू असेल तर त्या बाजूला फिरकू नका, आणि कॅमेरा पिशवीत ठेवा.

बाहेर पडताना

फाटकाशी नळ किंवा हौद असतो, आणि दोन कानांचा मग. उजव्या आणि डाव्या हातावर आलटून-पालटून पाणी घ्यायचं, बहुधा तीन-तीनदा. पाण्याचा मग थेट दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, त्यानं स्वतः उचलायचा. आपल्याकडे स्मशानातून आल्यावर पाय धुतल्याशिवाय घरात घेत नाहीत, त्यामुळे मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. पुष्कळजण हात पुसत नाहीत, वाऱ्यावर सुकू देतात. दफनानंतर निघताना काही लोक मूठभर गवत उपटून पाठीमागे टाकतात आणि स्तोत्रातली ओळ म्हणतात, नगरातले लोक भूमीवरच्या गवतासारखे बहरोत. ती त्यांची प्रार्थना आहे, आपण बाजूला उभं राहावं.

कोकणात गेलात तर

माझं माहेर अलिबागचं. इस्राएल आळीतून शाळेत जायचे. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी; शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांचं 'शनवार तेली' हे नाव आजीच्या तोंडून ऐकलेलं. त्यामुळे वाचणाऱ्यांपैकी कोणी अलिबाग, पेण, रेवदंडा इथल्या किंवा मुंबईतल्या बेने इस्राएल दफनभूमीत जाणार असेल, तर वेगळं सांगायला हवं. खड्यांची प्रथा मूळची युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांची, तिथून ती इस्रायल आणि अमेरिकेत सर्वदूर गेली. बेने इस्राएलांच्या रीती त्यांच्या स्वतःच्या आहेत, देवाचे आभार मानण्याचा मलिदा हा विधी त्यातलाच. म्हणून प्रागचा नियम घेऊन इथे येऊ नका. घरचे सोबत असतील तर ते करतील तसं करा. एकटे असाल तर सिनेगॉगमध्ये किंवा राखणदाराला आधी विचारा, मराठीतच. शिळांवर हिब्रूच्या खाली देवनागरी दिसेल, आडनावं पेणकर, नवगावकर, किहीमकर अशी आपल्या ओळखीच्या गावांची.

आणि अलिबागपर्यंत गेलाच आहात तर जवळच्या नवगावला जाऊन या. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती इथे पुरली, अशी बेने इस्राएलांची परंपरागत कथा आहे. पुरुषांचा एक उंचवटा, बायकांचा एक. नावं नाहीत. उंचवट्यांवर चढू नका, कडेनं चाला. शनिवार टाळा, आणि दुपारचं ऊन फार असतं, तेव्हा सकाळी जा.